वाचनालयातले मंत्र्यांचे जुने फोटो: खाली नेमकं काय लिहायचं?

जांभाचिरा

मंडळी, प्रश्न एकच आहे, पण थोडं सविस्तर लिहावं लागेल.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात भिंतीवर आणि माळ्यावर मिळून मंत्र्यांचे बरेच जुने फोटो आहेत. काही सरकारच्या माहिती खात्याकडून आलेले छापील, काही तालुक्याच्या स्टुडिओवाल्याने समारंभात काढलेले, काही वर्तमानपत्रातून कापून खळीने पुठ्ठ्यावर चिकटवलेले. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला त्यांचं प्रदर्शन मांडायचं ठरलंय. पण बहुतेकांच्या खाली एक अक्षर नाही. जिथे आहे तिथे "मा. मंत्रिमहोदय समारंभप्रसंगी" एवढंच. कुठले मंत्री, कुठलं खातं, कसला समारंभ, मागे उभी असलेली माणसं कोण, काही कळत नाही.

माझा आग्रह असा की नावाच्या आधी त्या दिवशीचं पद आणि त्या दिवशीचं काम लिहावं. समितीतल्या काहींना वाटतं, नाव लिहिलं की झालं, लोक ओळखतात. मला ते पटत नाही, आणि का ते बाळासाहेब खेरांवरून सांगतो. खेर रत्नागिरीत १८८८ साली जन्मले. १९३७ च्या जुलैत ते मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. १९३५ च्या कायद्याखाली प्रांताच्या प्रमुखाचं पद त्याच नावाचं होतं. महायुद्धात हिंदुस्थानला न विचारता ओढलं म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी १९३९ च्या अखेरीस राजीनामे दिले, त्यात खेरही आले. १९४६ ला ते परत आले आणि १९५२ पर्यंत राहिले. मग लंडनला भारताचे उच्चायुक्त. मग १९५५ मध्ये राजभाषा आयोगाचे अध्यक्ष. आमच्याकडे त्यांचे तीन वेगवेगळे फोटो आहेत आणि तिन्हींखाली कुणीतरी "माजी मुख्यमंत्री" लिहून ठेवलंय. फोटो काढला त्या दिवशी ते "माजी" काहीच नव्हते! शाळेतल्या पोरांनी तो फोटो बघून काय समजायचं?

आणखी एक फोटो आहे, त्याचं काही केल्या जमत नाही. खाडीवरच्या नव्या पुलावर फीत कापतायत. पांढरी टोपी घातलेले मंत्री मध्ये, बाजूला जीप, मागे गर्दी, आणि कोपऱ्यात एक पाटी अर्धी आलीय: "जि. रत्नागिरी, मुंबई रा". पुढचं कापलं गेलंय. मंत्री कोण ते गावात कुणाला सांगता येत नाही.

तुमच्याकडच्या वाचनालयांत, ग्रामपंचायतीत, घरात असे फोटो असतील तर लिहा. ओळख पटवायच्या युक्त्या असतील तर त्याही लिहा.

माडाबनातलो

माका एक सांगूचा आसा. आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडे जुन्या घरांच्या पडवेत फोटो गावतत ते बॅरिस्टर नाथ पैंचे. १९५७ पासून मरणापर्यंत, म्हणजे १९७१ च्या जानेवारीपर्यंत, ते राजापूरचे खासदार. मंत्री कधीच झाले नाय. तरी लोकांनी तेंचो फोटो देवांच्या बाजूक लावलो. तुम्ही मंत्र्यांचेच फोटो लावूचे म्हटलास तर हो माणूस भायेर रवतलो. तसा करू नकात.

बाकीचं पुस्तकी भाषेत लिहितो. नाथ पैंच्या जागी १९७१ ला मधु दंडवते निवडून आले आणि १९८९ पर्यंतच्या पाचही निवडणुका जिंकले. मोरारजींच्या सरकारात १९७७ ते १९७९ ते रेल्वेमंत्री होते. त्या काळातले त्यांचे हार घातलेले फोटो पुष्कळ मिळतील. पण दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमची गादी बसवायचा निर्णय त्यांचा, हे किती जणांना माहीत आहे? आमच्याकडची माणसं मुंबईहून निघून मिरज-कोल्हापूरपर्यंत रेल्वेने यायची आणि पुढे घाट उतरून एसटीने. रात्रभर त्या फळकुटावर बसून पाठ मोडायची. १९७४ च्या संपात कामावरून काढलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतलं तेही त्यांच्याच काळात. दंडवत्यांच्या फोटोखाली "कोकणचे नेते" लिहाल तर अर्धी गोष्ट राहून जाईल. "रेल्वेमंत्री, १९७७–७९" लिहा आणि बाकांचं एक वाक्य लिहा. फोटोसमोर उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला स्वतःचा प्रवास आठवेल.

अष्टागर

जांभाचिरा, पदाबद्दलचा तुमचा मुद्दा शंभर टक्के पटला. पण पदाच्या पुढे जाऊन एक मागणी करते. फोटोत मंत्री ज्यांच्यासाठी आले, त्या माणसांचंही लिहा.

मी अलिबागची. आमच्या बाजूला चरी गावच्या शेतकऱ्यांचा संप लहानपणापासून ऐकत आलेय. १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांनी खोतांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, जमिनी कसायचं सोडलं आणि १९३९ पर्यंत तो संप चालला. सहा वर्षं जमिनी ओस. लोकांनी लाकूडफाटा विकला, मासळीवर दिवस काढले. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्या शेतकऱ्यांच्या सभेला आले होते. १९३७ मध्ये खेरांचं मंत्रिमंडळ आल्यावर महसूलमंत्री मोरारजी देसाईंना चरीला पाठवलं गेलं. पुढे १९३९ चा कूळ कायदा आला. आता समजा त्या भेटीचा फोटो कुणाच्या पेटीत निघाला आणि खाली लिहिलं "महसूलमंत्री मोरारजी देसाई, चरी". पद बरोबर, गाव बरोबर. पण मंत्र्याला ज्यांनी तिथपर्यंत यायला लावलं ते शेतकरी त्या ओळीत कुठे आहेत?

खोतीचंही तसंच. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी कोकणातली खोती नष्ट करायचं विधेयक मुंबई विधानसभेत मांडलं. १९३८ च्या जानेवारीत कोकणातली हजारो कुळं बोटीने मुंबईला गेली आणि विधिमंडळावर मोर्चा निघाला. बाबासाहेब त्या वेळी मंत्री नव्हते, विरोधी बाकांवर होते. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला, तेव्हा मुख्यमंत्री खेर होते आणि बाबासाहेब दिल्लीत कायदामंत्री. रत्नागिरी-कुलाब्यातल्या कुळांच्या आयुष्यात एवढा मोठा फरक पाडणारा कायदा दुसरा नसेल. मग खेरांच्या फोटोशेजारी याची एक ओळ हवीच, आणि तिच्यात मोर्चाला गेलेल्यांचा उल्लेख हवा.

अजून एक. १९३७ च्या सरकारचा समूहफोटो कुणाकडे असेल आणि त्यात बाई दिसली, तर "मंत्री व त्यांच्या पत्नी" असं डोळे झाकून लिहू नका. हंसा मेहता त्या सरकारात संसदीय सचिव होत्या. मी असे मथळे बघितलेत आणि दर वेळी संताप आलाय.

तळेकाठचा मास्तर

समूहफोटोंचा विषय निघालाच आहे तर मी शाळेत मुलांना जो फोटो घेऊन तारीख काढायला शिकवायचो त्याबद्दल लिहितो. हा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. इतिहासाच्या तक्त्यांवर असतो, दर पंधरा ऑगस्टला फोनवर फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं: "स्वतंत्र भारताचं पहिलं मंत्रिमंडळ, १९४७".

खुर्च्यांवर बसलेल्यांत डावीकडून पहिले डॉ. आंबेडकर. मग रफी अहमद किडवई, बलदेव सिंग, मौलाना आझाद, नेहरू. मधोमध राजेंद्रप्रसाद. त्यांच्या पलीकडे सरदार पटेल, जॉन मथाई, जगजीवनराम, राजकुमारी अमृत कौर आणि शेवटी श्यामाप्रसाद मुखर्जी. मागे उभे आहेत त्यांत आपले काकासाहेब गाडगीळ आहेत, आणि अगदी टोकाला बा. वि. केसकर.

मुलांना मी विचारायचो, राजेंद्रबाबू मधोमध का? पंतप्रधान बाजूला आणि ते मध्ये, म्हणजे ते राष्ट्रपती आहेत. राष्ट्रपती २६ जानेवारी १९५० ला झाले. तेव्हा फोटो १९४७ चा असूच शकत नाही. दुसरा प्रश्न: अर्थमंत्री कोण दिसतात? मथाई. पहिले अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी १९४८ मध्येच गेले होते, ते फोटोत नाहीत. आणि आपल्या महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख १९५० च्या जूनमध्ये अर्थमंत्री झाले, तेही नाहीत. म्हणजे जूनच्या आधीचा. तिसरा प्रश्न: मुखर्जी आणि उभ्या रांगेतले क्षितीशचंद्र नियोगी हे दोघे नेहरू-लियाकत कराराच्या विरोधात एप्रिल १९५० मध्ये बाहेर पडले. ते इथे आहेत. म्हणजे फोटो २६ जानेवारी ते एप्रिल या दरम्यानचा. नोंद आहे ती ३१ जानेवारी १९५० ची. सगळं जुळतं.

वर्गात याला एक तास लागायचा, पण नंतर मुलं घरातले लग्नाचे फोटो घेऊन यायची आणि कोण आहे, कोण नाही यावरून साल काढायची. जांभाचिरा, तुमच्या प्रदर्शनात हा छापील फोटो असेल तर खालची "१९४७" खोडून काढा, ही विनंती. आणि बाबासाहेबांच्या नावापुढे "कायदामंत्री" लिहा. त्यांचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड, हेही लिहा. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना ते कळायला हवं.

जांभाचिरा

मास्तर, हा फोटो आमच्याकडे आहे आणि खाली १९४७ च आहे. तुमचे तिन्ही प्रश्न मी मोठ्या कागदावर लिहून फोटोशेजारी लावणार, उत्तरं मागच्या बाजूला. मुलांनी आधी विचार करावा.

अष्टागरताई, तुमचं म्हणणं समितीपुढे जसंच्या तसं वाचून दाखवतो. माडाबनातलो, नाथ पै असणार, शब्द देतो.

सावित्रीपार

तारीख काढायची आमच्याकडची सोपी खूण सांगतो. पाट्या वाचा. फोटोतल्या माणसांपेक्षा पाटी जास्त खरं बोलते.

बॅ. अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. १९८१ च्या सुरुवातीला त्यांनी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं आणि १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा काढला. त्यामुळे "कणकवली, जि. रत्नागिरी" अशी पाटी दिसली तर फोटो त्या दिवसाच्या आधीचा. "महाड, जि. कुलाबा" दिसलं तर १९८१ च्या आधीचा. उलट १९७० च्या फोटोखाली "रायगड जिल्हा" टाइप केलेलं असेल तर ती चिठ्ठी नंतर कुणीतरी चिकटवलेली आहे, तिच्यावरच्या तारखेवरही भरवसा ठेवू नका. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं १९४८ ला विलीन झाली, त्याआधीच्या फोटोत तिथे मुंबई सरकारचा मंत्री दिसला तर तो पाहुणा म्हणून आलेला, कारभारी म्हणून नव्हे. मागे गाडी असेल आणि नंबर एमएच-०७ किंवा एमएच-०८ ने सुरू होत असेल तर फोटो फार तर ऐंशीच्या दशकाच्या अगदी शेवटचा, त्याहून जुना नाही.

तुमच्या पुलावरच्या पाटीत "मुंबई रा" आहे ना? ते "मुंबई राज्य"च. आधी प्रांत होता, राज्य झालं २६ जानेवारी १९५० ला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. सव्वादहा वर्षांवर आलात. फोटोत मैलाचा दगड किंवा बोनेटवर झेंडा दिसतो का बघा.

गलबत

विषय चांगला आहे, पण मला एक अडचण वाटते आणि ती मोकळेपणाने मांडतो. मंत्र्यांच्या फोटोंनी वाचनालयाच्या भिंती भरायच्याच कशाला? आमच्या बंदरावर बोटी लागायच्या तेव्हाचे, खलाशांचे, पहिल्या शाळामास्तरांचे फोटो शोधा. मंत्र्यांचे फोटो सरकार जपेलच.

आणि मंत्र्यांचेच लावणार असाल तर सगळं लिहा. अंतुल्यांचं वर आलं. त्यांच्या फोटोखाली निराधार योजना लिहाल, सिंधुदुर्ग जिल्हा लिहाल. ट्रस्टच्या देणग्यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा द्यावा लागला, ते लिहिणार की नाही? अर्धं लिहायचं तर न लिहिलेलं बरं.

सावित्रीपार

लिहावं. मी आंबेतच्या बाजूचा आहे, आमच्या घरी अंतुल्यांबद्दल माया आहे आणि तरीही म्हणतो, लिहावं. ज्या म्हाताऱ्या बाईला निराधारचे पैसे मिळाले तिच्यासाठी ते खरे आहेत, आणि निकाल झाला तोही खरा आहे. दोन्ही एका ओळीत मावतात. ज्याला जो भाग आठवायचा तो आठवेल.

खळाळ

गलबतदादा, राजीनाम्याचा विषय काढलात म्हणून चिंतामणराव देशमुखांवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या मते कोकणातल्या कुठल्याही प्रदर्शनात हा फोटो मध्यभागी असावा.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते १९४९. त्या काळातल्या नोटांवर त्यांची सही आहे. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेला गेलेल्या हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात ते होते, चेट्टीही होते. दोघेही पुढे अर्थमंत्री झाले. १९५२ मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर गेले. इम्पीरिअल बँकेची स्टेट बँक झाली १९५५ मध्ये, आयुर्विमा सरकारकडे आला १९५६ च्या जानेवारीत, दोन्ही वेळा अर्थमंत्री तेच. गावोगावच्या स्टेट बँकेत आणि एलआयसीच्या कार्यालयात त्यांचा फोटो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणि मग १९५६. मुंबई केंद्रशासित करायचं नेहरूंनी जूनमध्ये जाहीर केलं. देशमुखांचं म्हणणं होतं की मंत्रिमंडळात चर्चा न करता ते जाहीर केलं गेलं. मुंबईतल्या गोळीबारांची न्यायालयीन चौकशी होत नाही, हेही त्यांना सहन झालं नाही. त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं आणि जुलैमध्ये लोकसभेत उभं राहून त्याची कारणं सांगितली. अर्थखातं सोडणं म्हणजे काय, याचा विचार करा. ज्या माणसाचा सगळा जन्म सरकारी शिस्तीत गेला, आयसीएसच्या परीक्षेत जो पहिला आला होता, त्याने हे केलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत माणसांनी त्यांचा फोटो हातात धरला तो राजीनाम्यासाठी.

फोटोखाली "अर्थमंत्री, १९५०–५६" एवढंच लिहिलंत तर मुदत संपल्यासारखं वाटतं. "राजीनामा" हा शब्द तिथे आलाच पाहिजे.

याच्याच जोडीला १९५७ च्या नोव्हेंबरातले प्रतापगडचे फोटो बघा. पायथ्याशी पोलादपूरची बाजू आपलीच. नेहरूंनी ३० नोव्हेंबरला शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण केलं, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण सोबत. संयुक्त महाराष्ट्र समितीचे लोक काळे झेंडे घेऊन वाटेवर उभे होते. सरकारी फोटो पुतळ्याचा आणि मंचाचा. वाटेवरची माणसं त्यात नाहीत, ती आपण मथळ्यात आणायची. चव्हाणांचं त्या दिवशीचं पद "द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री". "महाराष्ट्राचे" लिहिलंत तर त्या दिवशीचा सगळा झगडाच पुसला जाईल.

माडाबनातलो

खळाळ, नमस्कार तुमका. ह्या छापून लावूक होया.

वाशिष्ठीकाठ

मथळ्यांची चर्चा वाचतोय आणि मनात एकच धास्ती आहे: मथळा लिहिपर्यंत फोटो टिकणार का?

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पुराचं पाणी शिरलं. १८६४ सालची संस्था. हजारो पुस्तकांचा चिखल झाला. मी मदतीला होतो. त्या अनुभवातून आणि नंतर जाणकारांना विचारून जे शिकलो ते सांगतो, कारण कोकणात पूर नसला तरी चार महिने हवाच पाण्यासारखी असते.

फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका. वरचा थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. काचेसकटच स्कॅन करा. पांढरी बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका, आधी कोरड्या हवेशीर जागी ठेवा, मग मऊ ब्रशने हलक्या हाताने. लॅमिनेशन तर अजिबात नको. आमच्याकडे कुणीतरी चांगल्या भावनेने केलेलं लॅमिनेशन आता पिवळं पडलंय आणि काढता येत नाही. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. खळीने चिकटवलेल्या कात्रणांवर कसर येते, ती वेगळ्या डब्यात ठेवा, फोटोंच्या जवळ नको.

आणि देव न करो, पाणी शिरलंच, तर भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. स्वच्छ थंड पाण्यात सोडवा, तोंड वर करून सावलीत वाळवा. लगेच जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, नंतर सवडीने सोडवता येतात. काचेच्या जुन्या निगेटिव्ह मात्र फ्रीजरमध्ये नकोत.

सहाशे डीपीआयला स्कॅन करा, टिफ स्वरूपात एक प्रत, आणि ती गावाबाहेर कुणाकडे तरी ठेवा. गावातल्या गावात दोन कपाटांत ठेवलेल्या दोन प्रती एकाच पुरात जातात.

निवृत्त लेखनिक

मंत्रालयात नोकरी झाली, म्हणून खात्यांबद्दल दोन शब्द.

मंत्र्याचं नाव कळलं आणि खातं कळत नसेल तर शासनाचं राजपत्र बघा. खातेवाटप आणि फेरबदल त्यात येतात. दौऱ्यांसाठी माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचं "लोकराज्य" मासिक, त्याचे जुने अंक काही जिल्हा ग्रंथालयांत आहेत. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, तिथे आधी विचारा. मुंबईत पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, तिथे मुंबई सरकारच्या फाईली मिळतात, अर्ज करून बसून वाचाव्या लागतात.

छापण्याबद्दल कुणी विचारेल म्हणून: २०१२ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या फोटोचा हक्क पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून साठ वर्षं असायचा; त्या वर्षीच्या दुरुस्तीनंतर तो फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं असतो. सरकारी फोटोंना मात्र प्रसिद्धीपासून साठ वर्षांचीच मुदत. तालुक्याच्या स्टुडिओवाल्याचा फोटो असेल तर मुदत संपली असली तरी त्याचं नाव लिहा. मागे शिक्का असतो. मंत्र्यांचं नाव चार ठिकाणी मिळेल, त्याचं फक्त तिथेच.

एक माणूस मात्र सगळे विसरतात, बाळासाहेब सावंत. कन्नमवार मुख्यमंत्री असताना २४ नोव्हेंबर १९६३ ला वारले, तेव्हा वसंतराव नाईक येईपर्यंतचे दहाएक दिवस राज्य सावंतांनी सांभाळलं. रत्नागिरी जिल्ह्याचे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाला नाव आहे ते त्यांचंच. त्यांचा फोटो निघाला तर "मंत्री" म्हणून बाजूला सारू नका.

जांभाचिरा

लेखनिककाका, सावंतांचा फोटो आहे! माळ्यावरच्या गठ्ठ्यात. नाव होतं, बाकी काही नव्हतं. आता लिहितो.

गलबत, तुमच्या प्रश्नावर समितीत बरंच बोलणं झालं. खलाशांचे फोटो मिळाले तर नक्की लावू, तुमच्याकडे असतील तर द्या. पण मंत्र्यांचे फोटो सरकार जपेल यावर मी विसंबणार नाही. सरकार मंचाचा फोटो जपेल. आमच्या गावच्या पुलावर मंत्री आले होते हे आमच्याशिवाय कोण जपणार? अंतुल्यांच्या फोटोखाली दोन्ही गोष्टी येतील.

आता पुलाच्या फोटोचं. वाशिष्ठीकाठ यांनी सांगितलं तसं काचेसकट स्कॅन केलं आणि मोठं करून पाहिलं. जीपच्या मागे मैलाचा दगड आहे, पण आकडा वाचता येत नाही. झेंडा नाही. मग मोठी प्रत काढून वाडीवाडीतल्या म्हाताऱ्या माणसांकडे घेऊन गेलो. मंत्री कुणालाच ओळखता आले नाहीत. पण डावीकडे कडेला, गर्दीपासून थोडा बाजूला, अंगात बंडी आणि खांद्यावर टॉवेल असा एक माणूस उभा आहे, त्याला बघताक्षणी तिघांनी स्वतंत्रपणे ओळखलं. तो आमच्या खाडीवरचा तरवाला, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी (तर) चालवणारा. पूल व्हायच्या आधी अख्ख्या गावाला, नवऱ्या मुलीला, बाळंतिणीला, मयतालासुद्धा तोच पलीकडे न्यायचा. पूल झाला आणि त्याची तर बंद पडली. तरी तो उद्घाटनाला आला होता.

त्याच्या नातवाची परवानगी घेतलीय. सध्याचा मथळा असा: "खाडीवरील पुलाचे उद्घाटन, मुंबई राज्याच्या काळात (१९५० ते एप्रिल १९६०). मध्यभागी मंत्री, नाव शोधत आहोत. डावीकडे कडेला उभे, गावचे तरवाले." त्यांचं नाव प्रदर्शनात पूर्ण येईल, इथे लिहीत नाही.

अष्टागर

हाच मथळा हवा होता. मंत्र्यांचं नाव मिळालं तरी तरवाल्यांचं काढू नका.

निवृत्त लेखनिक

जांभाचिरा, तर चालवायचा मक्ता लिलावाने दिला जायचा आणि त्याची नोंद व्हायची. रत्नागिरीच्या जिल्हा लोकल बोर्डाचे कागद शोधा. बोर्डं जाऊन १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा दप्तर तिकडे गेलं. बांधकाम विभागाच्या जुन्या नोंदवह्या मागा. तुमच्या खाडीच्या तरीचा शेवटचा मक्ता ज्या वर्षी संपला किंवा रद्द झाला, पूल त्याच सुमाराला खुला झाला असणार. साल हाती आलं की त्या वर्षीचे बांधकाममंत्री राजपत्रात सापडतील. त्यांचा दुसरा एखादा फोटो मिळवा आणि कान जुळवून बघा. टोपीखाली चेहरा बदलतो, कान बदलत नाही.

अर्ज करताना तालुका, खाडी आणि दोन्ही काठांवरच्या गावांची नावं लिहा, नुसतं पुलाचं नाव नको. तेव्हा पूल नव्हता, नोंद तरीच्या नावाने असेल.